फॉर्म भरलात, घरी सांगितलंत का?

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत रक्तदान शिबिराला निमित्ताची वाण पडत नाही. आमदारांचा वाढदिवस, गणेश मंडळाचा उत्सव, सहकारातल्या एखाद्या जुन्या नेत्याची पुण्यतिथी, कॉलेजचं एनएसएस शिबिर. मांडव पडला की खाटा लागतात आणि तरुण पोरं रांगेत उभी राहतात. अलीकडे याच मांडवाच्या एका कोपऱ्यात अवयवदानाचं टेबलही दिसू लागलं आहे. रक्त देऊन झालं, चहा-बिस्किट झालं, की जाता जाता तिथंही एक फॉर्म भरला जातो, सही होते, कार्ड पाकिटात जातं. दोन्ही कामं सारखीच पुण्याची, म्हणून दोन्ही सह्याही सारख्याच वाटतात. पण रक्त देणारा स्वतः हजर असतो. त्याचं दान त्याच्या डोळ्यांदेखत पुरं होतं. अवयव द्यायची वेळ येते तेव्हा सही करणारा बोलू शकत नाही. त्याच्या वतीने आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर बसलेली बायको, भाऊ नाहीतर वडील बोलतात, आणि त्यांना त्या कार्डाचा पत्ताच नसेल तर पाकिटातल्या सहीला काही अर्थ उरत नाही. अवयवदानाची नोंद सरकारदफ्तरी होते हे खरं, पण ती करायची असते ती घरच्यांसाठी. हे एकदा ध्यानात आलं की नोंदणी कशी करावी, केव्हा करावी आणि तिच्याकडून काय अपेक्षा ठेवावी, हे सगळंच बदलतं.

आधी गरज किती आहे ते पाहू. २०२३ साली भारतात अठरा हजारांहून जास्त अवयव प्रत्यारोपणं झाली. आकडा मोठा वाटतो, पण त्यातली पंधरा हजारांवर जिवंत माणसांनी दिलेल्या अवयवांची होती, म्हणजे मुख्यतः घरच्याच कुणीतरी दिलेलं मूत्रपिंड किंवा यकृताचा तुकडा. मृत्यूनंतर अवयव देणारे दाते त्या वर्षी साऱ्या देशात होते १,०९९. दर दहा लाख लोकसंख्येमागे एकसुद्धा नाही. स्पेनमध्ये हेच प्रमाण दर दहा लाखांमागे पन्नासच्या आसपास आहे. दुसरीकडे २०२२ साली आपल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं अपघातात गेली. त्यातल्या बहुतेकांचे अवयव वैद्यकीय कारणांनी घेता आलेच नसते, हे मान्य. तरी या दोन आकड्यांमधली दरी केवळ वैद्यकीय म्हणता येत नाही. या तुटवड्याची किंमत कोण मोजतं, हेही पाहायला हवं. जिवंत दात्यांमध्ये बायकांची संख्या जास्त आणि अवयव घेणाऱ्यांमध्ये पुरुषांची, हे देशाच्या आकडेवारीत वर्षानुवर्षं दिसतं आहे. नवऱ्याला किंवा मुलाला मूत्रपिंड द्यायचं झालं की घरात नजरा आपोआप आई-बायकोकडे वळतात. मृत्यूनंतरचं दान वाढलं तर हा भार सगळ्यात आधी त्यांच्यावरचा उतरेल.

आता एक भेद नीट समजून घेतला पाहिजे, कारण फॉर्म भरणाऱ्या अनेकांना तो ठाऊक नसतो. घरी, शेतावर किंवा हृदय बंद पडून मृत्यू आला, तर मूत्रपिंड, यकृत, हृदय, फुफ्फुसं आपल्याकडे सहसा देता येत नाहीत. रक्तपुरवठा थांबताच हे अवयव निकामी होऊ लागतात. ते देता येतात ते मेंदूमृत्यूनंतर. म्हणजे डोक्याला जबर मार लागून किंवा मेंदूत रक्तस्राव होऊन मेंदूचा बुंधा, अर्थात मस्तिष्कस्तंभ, कायमचा बंद पडलेला असतो, आणि व्हेंटिलेटरच्या जोरावर हृदय अजून काही काळ चालू असतं. असे मृत्यू आयसीयूतच होतात आणि एकूण मृत्यूंमध्ये ते फार थोडे असतात. म्हणून हजार जणांनी फॉर्म भरले तरी त्यातल्या एखाद्याच्याच वाट्याला अवयवदानाची वेळ येण्याची शक्यता. ऊतींचं मात्र वेगळं आहे. डोळ्यांतली नेत्रपटलं, त्वचा, हाडं, हृदयाच्या झडपा या हृदय थांबल्यानंतरही काही तास घेता येतात. वयाच्या ऐंशीव्या वर्षी वाईतल्या आपल्या घरी शांतपणे गेलेल्या आजींना मूत्रपिंड देता येणार नाही, पण दोन माणसांना दृष्टी देता येईल. शिबिरातल्या टेबलावर हा फरक दोन मिनिटांत समजावून सांगता येतो. तो सांगितला नाही, तर पुढे घरच्यांच्या पदरी निराशा येते आणि गैरसमज वाढतात.

‘हृदय चालू असताना मेला कसं म्हणता?’ हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. वैद्यकालाही त्याचं उत्तर शोधायला वेळ लागला. फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्ल कुमार सेन यांनी आशियातलं पहिलं मानवी हृदय प्रत्यारोपण केलं. दक्षिण आफ्रिकेत डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी जगातलं पहिलं प्रत्यारोपण केल्याला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. रुग्ण काही तासच जगला. त्या वेळी मेंदूमृत्यूला आपल्या देशात कायद्याचा काहीच आधार नव्हता. तो मिळायला १९९४ साल उजाडावं लागलं. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा संसदेने केला तो गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र या तीन राज्यांच्या विधिमंडळांनी तसे ठराव केल्यावर. हा कायदा सर्वात आधी मागणाऱ्यांत आपलं राज्य होतं. २०११ च्या दुरुस्तीने त्यात ऊतींचाही समावेश झाला आणि २०१४ साली नवे नियम आले. ज्या केईएममध्ये डॉ. सेन यांनी तो धाडसी प्रयोग केला, तिथेच आज अवयवदानाचं विभागीय आणि राज्य पातळीवरचं कार्यालय आहे, आणि पश्चिम महाराष्ट्रापुरतं अवयव वाटपाचं काम पुण्याची विभागीय प्रत्यारोपण समन्वय समिती पाहते. साताऱ्यात किंवा मिरजेत एखादा दाता पुढे आला, तर पहिला फोन जातो तो या समितीला.

मेंदूमृत्यू ठरवतात कसा, हे जवळून पाहिलं तर बरीच भीती ओसरते. डॉक्टर बुबुळांवर प्रखर उजेड टाकतात. ती आक्रसत नाहीत. कापसाच्या धाग्याने डोळ्याच्या पारदर्शक पडद्याला स्पर्श करतात. पापणी मिटत नाही. कानात बर्फाचं पाणी सोडतात. जिवंत मेंदू असला तर डोळे एका बाजूला सरकतात, इथे ते जागचे हलत नाहीत. घशात नळी फिरवली तरी उबळ नाही, खोकला नाही. शेवटी ॲपनिया चाचणी. रुग्णाला आधी भरपूर प्राणवायू देतात, मग व्हेंटिलेटर काढून छातीवर नजर ठेवतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड चढत जातो. मस्तिष्कस्तंभात कणभर जीव उरला असता तर श्वास घेण्याची ऊर्मी आलीच असती. ती आली नाही की चाचणी पूर्ण झाली. हे सगळं एकदा करून भागत नाही, किमान सहा तासांच्या अंतराने पुन्हा करावं लागतं, आणि चार डॉक्टरांच्या सह्या लागतात. त्यांतला कुणीही प्रत्यारोपण करणाऱ्या पथकातला असता कामा नये. आपल्या भागासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. मण्यार किंवा नाग चावल्यावर विषामुळे कधी कधी माणसाचे डोळे, श्वास, हातपाय असे निश्चल होतात की तो मेंदूमृतच वाटावा; पण उपचारांनी तो बरा होऊ शकतो. झोपेची औषधं, इतर विषबाधा, शरीराचं फार उतरलेलं तापमान यांचंही तसंच. म्हणून ही कारणं वगळल्याखेरीज चाचणीला हात घालायचा नाही, असा वैद्यकाचा दंडक आहे.

इथे आपल्याकडचं कुणीही एक उदाहरण पुढे करेल, आणि ते करणं योग्यच आहे. डिसेंबर २०२४ मध्ये कोल्हापुरात मृत घोषित केलेल्या एका ज्येष्ठ गृहस्थांना घरी नेत असताना ॲम्ब्युलन्स गतिरोधकावर आदळली, त्यांच्या बोटांची हालचाल घरच्यांना दिसली, आणि पुढे उपचार घेऊन ते चालत घरी आले. ही बातमी देशभर गाजली. अशी बातमी वाचलेल्या माणसाला ‘डॉक्टर म्हणाले म्हणजे गेला’ एवढं पुरत नाही, आणि पुरूही नये. पण तिथे हृदयविकाराच्या झटक्यानंतर मृत्यू सांगितला गेला होता. चार डॉक्टर, दोनदा चाचणी आणि मधले सहा तास अशी प्रक्रिया तिथे झालेली नव्हती. मूत्रपिंड किंवा यकृत घेण्यापूर्वी ती झालीच पाहिजे, असा कायदा आहे. त्या बातमीतून घ्यायचा धडा असेल तर तो हाच, की मृत्यूची खात्री करण्याची पद्धत काटेकोर असली पाहिजे; आणि सगळ्यात काटेकोर, लेखी आणि अनेकांच्या सह्यांची पद्धत अवयवदानाच्याच वाटेवर आहे. घरच्यांनी या चाचण्यांची माहिती मागावी, कागद पाहावेत, प्रश्न विचारावेत. तो त्यांचा हक्क आहे. कोमातला रुग्ण आणि मेंदूमृत रुग्ण यांत फरक काय, हे समजावून सांगायला डॉक्टरांनी कंटाळू नये.

आता आयसीयूबाहेरच्या त्या बाकड्याकडे वळू. मिरजेत १८९४ साली डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिशनचं रुग्णालय उभं केलं, तेव्हापासून उत्तर कर्नाटकापर्यंतचे रुग्ण या गावाकडे येत आले. आज मिरज-सांगली, कराड आणि सातारा इथे सरकारी आणि खासगी मिळून आयसीयूंची मोठी संख्या आहे. पुणे-बंगळूर महामार्गावरचे अपघातग्रस्त, उसाच्या ट्रॉलीवर रात्री आदळलेले दुचाकीस्वार, रक्तदाब वाढून मेंदूत रक्तस्राव झालेले शेतकरी इथेच आणले जातात. मेंदूमृत्यूची पहिली चाचणी झाली की नातेवाइकांना सांगितलं जातं. २०११ च्या दुरुस्तीप्रमाणे अशा वेळी अवयवदानाबद्दल घरच्यांना विचारणं हे रुग्णालयाचं कर्तव्य आहे. तेव्हा कुणी विचारलं म्हणून तो निर्दयी ठरत नाही. पण विचारलं जातं तेव्हा बाहेर चाळीस माणसं जमलेली असतात. बायकोला भोवळ आलेली, वडील सुन्न, आणि भावकीतले चार जण निर्णय घेण्याच्या पवित्र्यात. त्यातल्या एकाने जरी ‘पोराची चिरफाड कशाला?’ असं म्हटलं, तरी बाकीच्यांची होकार देण्याची हिंमत होत नाही. ज्याने नकार दिला त्याला पुढे कुणी बोल लावत नाही; ज्याने होकार दिला त्याला मात्र आयुष्यभर ऐकून घ्यावं लागेल, ही भीती असते. म्हणून न ठरवता येणारी गोष्ट आपल्याकडे ‘नको’ या शब्दात ठरते.

नोंदणीचं खरं काम याच ठिकाणी सुरू होतं. ‘द्यायचं का?’ या प्रश्नाऐवजी ‘त्याने सांगून ठेवलं होतं, ते पाळायचं का?’ असा प्रश्न समोर आला की घरच्यांच्या खांद्यावरचं ओझं निम्मं होतं. निर्णय त्यांचा राहत नाही, त्यांनी फक्त शब्द पाळायचा असतो. आणि मेलेल्या माणसाचा शब्द पाळणं आपल्या गावांत आजही मोठं मानलं जातं. कायद्यानेही हे ओळखलं आहे. जिवंतपणी इच्छा नोंदवण्याचा जो नमुना सात आहे, त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात आणि त्यांतला किमान एक जवळचा नातेवाईक असावा लागतो. मृत्यूनंतर घरच्यांच्या संमतीसाठी नमुना आठ वेगळा आहे. म्हणजे कायद्याच्या लेखी तुमची इच्छा महत्त्वाची असली तरी प्रत्यक्षात शेवटची सही घरच्यांचीच असते, आणि त्यांच्या नकाराविरुद्ध जाऊन कुणी डॉक्टर अवयव काढत नाही. ब्रिटनच्या आरोग्यसेवेचा अनुभव इथे उपयोगी आहे: माणसाची इच्छा घरच्यांना ठाऊक असते तेव्हा दहातली सुमारे नऊ कुटुंबं होकार देतात, ठाऊक नसते तेव्हा हे प्रमाण निम्म्यावर येतं. कार्ड तेच, कायदा तोच, डॉक्टर तेच. फरक एका संभाषणाचा.

यावर कुणी म्हणेल, मग एवढी यातायात कशाला? नकार लेखी दिला नाही त्या प्रत्येकाचा होकार धरून चालावं, असा कायदा सरळ करून टाका. काही देशांत तसा आहेही. पण अनुभव काय सांगतो? स्पेनमध्ये १९७९ पासून असा गृहीत होकाराचा कायदा आहे. तरी पुढची दहा वर्षं तिथलं प्रमाण दर दहा लाखांमागे चौदाच्या आसपासच राहिलं. ते चढू लागलं १९८९ साली राष्ट्रीय प्रत्यारोपण संघटना स्थापन झाल्यावर. तिचे संस्थापक डॉ. राफाएल मातेसान्स यांनी प्रत्येक मोठ्या रुग्णालयात प्रशिक्षित समन्वयक नेमले, बहुधा आयसीयूतलेच डॉक्टर. आणि तिथे कायदा काहीही म्हणो, घरच्यांना विचारल्याशिवाय आजही अवयव घेत नाहीत. इंग्लंडने मे २०२० मध्ये गृहीत होकाराचा कायदा आणला; त्यानंतरच्या वर्षांत कुटुंबांच्या होकाराचं प्रमाण वाढायच्या ऐवजी घसरलं. त्यात कोविडचा वाटा असेल, पण कायद्याने मनं आपोआप वळत नाहीत एवढं तरी त्यातून दिसतं. ज्या समाजात सरकारी कागदाबद्दल आधीच संशय आहे, तिथे गृहीत होकार म्हणजे ‘सरकार आता मुडद्यालाही सोडत नाही’ अशी अफवा पसरायला निमंत्रणच. स्वखुशीने दिलेला आणि घरात बोलून दाखवलेला होकार आपल्याला जास्त लागू पडेल.

पुढची शंका पैशाची. ‘गरिबाच्या पोराचे अवयव काढून श्रीमंतांना विकतात,’ हे चहाच्या टपरीवर सहज ऐकू येतं, आणि मूत्रपिंडाच्या रॅकेटच्या बातम्या अधूनमधून येत असल्याने ते खोडून काढणं सोपं नाही. पण ही प्रकरणं नीट पाहिली तर ती जवळजवळ सगळी जिवंत दात्यांची असतात: खोटं नातं दाखवून, खोटी कागदपत्रं करून गरजू माणसाचं मूत्रपिंड विकत घेतलेलं असतं. मृत्यूनंतरच्या दानात अवयव कुणाला द्यायचा हे त्या रुग्णालयाचा डॉक्टर ठरवत नाही. रक्तगट, प्रतीक्षायादीतला क्रम आणि आजाराची तीव्रता पाहून समन्वय समिती ठरवते. घेणाऱ्याचं नाव देणाऱ्याच्या घरच्यांना सांगत नाहीत, त्यामुळे सौद्याला जागाच उरत नाही. मेंदूमृत्यू जाहीर झाल्यावर शरीर सांभाळण्याचा, अवयव काढण्याचा आणि नेण्याचा खर्च दात्याच्या कुटुंबाकडून घेता येत नाही, असं नियमच सांगतात. कुणी तो बिलात लावला तर तक्रार करावी. आणि मृत्यूनंतरचं दान जितकं वाढेल तितका जिवंत गरिबाच्या मूत्रपिंडाला भाव कमी येईल. म्हणजे ज्यांना या बाजाराची चीड आहे त्यांनी तर आधी नोंद करायला हवी.

‘आमचं हृदय पुण्या-मुंबईला जातं, आम्हाला काय?’ ही तक्रार मात्र झटकून टाकण्यासारखी नाही. हृदय चार ते सहा तासांत दुसऱ्या छातीत धडधडायला हवं, यकृताला साधारण बारा तास मिळतात, मूत्रपिंडाला चोवीस तासांच्या आसपास. हृदय आणि यकृताच्या शस्त्रक्रिया मोठ्या शहरांतच होतात, म्हणून ग्रीन कॉरिडॉर करून, म्हणजे वाटेतली वाहतूक थांबवून, ॲम्ब्युलन्स त्या दिशेनेच धावते. पण सर्वात जास्त गरज मूत्रपिंडांची आहे, आणि मूत्रपिंड प्रत्यारोपण आता कराड-कोल्हापूरच्या पट्ट्यातही होऊ लागलं आहे. तालुक्याच्या डायलिसिस केंद्रात आठवड्यातून दोन-तीन वेळा चार-चार तास नळ्या लावून बसणारा रुग्ण त्याच प्रतीक्षायादीत आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादा २०२३ साली साडेचार लाखांपर्यंत नेली गेली. प्रतीक्षायादीत नाव घालायला वयाची किंवा अधिवासाची अट लावू नये, नोंदणी शुल्क घेऊ नये, असं केंद्राने २०२३ साली राज्यांना कळवलं. तरीही प्रत्यारोपणानंतर आयुष्यभर घ्यायच्या औषधांचा खर्च ग्रामीण कुटुंबाला जड जातो, हे खरंच आहे. या विषमतेवरचा उपाय दान थांबवण्यात नाही. जिल्ह्यातल्या रुग्णांची नावं यादीत जावीत आणि जिल्ह्यातली रुग्णालयं प्रत्यारोपणासाठी सज्ज व्हावीत यासाठी लोकप्रतिनिधींना धारेवर धरण्यात आहे. पैसा आणि ओळख असूनही अवयव वेळेवर मिळेलच असं नाही: केंद्रीय मंत्री आणि आपले माजी मुख्यमंत्री विलासराव देशमुख १४ ऑगस्ट २०१२ रोजी चेन्नईत गेले, ते प्रत्यारोपण होण्याआधीच.

राहिला धर्माचा आणि अंत्यविधीचा प्रश्न. अवयव काढल्यावर शरीर कुठल्याही शस्त्रक्रियेनंतर शिवतात तसं शिवून, स्वच्छ करून परत देतात. अंगावर कपडे असले की काही दिसत नाही. दहन असो, लिंगायत समाजातला दफनविधी असो वा कब्रस्तान, कुठलाही विधी अडत नाही, फक्त काही तास उशिरा होतो. ‘डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळा’ म्हणणाऱ्याला एवढंच विचारावं की चितेवर डोळ्यांचं काय होतं. या मातीला तर रूढी तपासून घेण्याची जुनी सवय आहे. महात्मा फुल्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण. सत्यशोधकांनी याच पट्ट्यात भटजीवाचून लग्नं लावली, आणि अंधश्रद्धा निर्मूलनासाठी आयुष्य वेचणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचेच. अपघाती मृत्यूत पोलीस आणि शवविच्छेदन आड येतं का, असंही विचारतात. पोलिसांना कळवून, न्यायवैद्यक डॉक्टरांशी ताळमेळ ठेवून अवयव घेता येतात. कायद्यात तशी तरतूद आहे. आणखी एक घोटाळा टाळावा: देहदान वेगळं, अवयवदान वेगळं. देहदानाचा देह वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचना शिकण्यासाठी वापरतात, आणि अवयव काढलेला देह त्यासाठी सहसा घेत नाहीत. नेत्रदान झालं असेल तर मात्र चालतं. दोन्ही फॉर्म भरले असतील तर मेंदूमृत्यू झाल्यास आधी अवयव, एरवी देह, असं घरी सांगून ठेवावं.

आणि ज्यांना आयसीयूची वेळ कधी येणारच नाही अशा बहुसंख्यांसाठी नेत्रदान आहेच. त्याला आधी फॉर्म भरलेला असण्याचीही गरज नाही. घरच्यांनी मनावर घेतलं की झालं. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रपटलं घ्यावी लागतात, म्हणून पहिला फोन भावकीला करतानाच दुसरा जवळच्या नेत्रपेढीला किंवा १९१९ या क्रमांकावर करावा. तोवर पापण्या मिटवाव्यात, त्यांवर ओला स्वच्छ कापूस ठेवावा, पंखा बंद करावा, डोक्याखाली उशी देऊन मान थोडी उंच ठेवावी. डॉक्टरांनी दिलेला मृत्यूचा दाखला हाताशी असावा. पेढीचे लोक घरी येतात, साधारण अर्ध्या तासात काम आटोपतात, तपासणीसाठी थोडं रक्त घेतात. चेहरा विद्रूप होत नाही. चष्मा होता, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, मधुमेह होता म्हणून नेत्रदान अडत नाही. एचआयव्ही, कावीळ ब किंवा क, रेबीज, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग अशा मोजक्या आजारांत मात्र डोळे घेत नाहीत. त्वचादानालाही सहा तासांचीच मुदत. मांड्या, पाय, पाठ इथला पातळ पापुद्रा तेवढा घेतात आणि तो भाजलेल्या रुग्णाच्या जखमा झाकायला वापरतात. मात्र त्वचापेढी जवळ असेल तरच हे जमतं, म्हणून ती चौकशी आधीच करून ठेवलेली बरी.

नोंदणी करायला आता दहा मिनिटंही लागत नाहीत. राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संस्थेच्या संकेतस्थळावर १७ सप्टेंबर २०२३ पासून आधार क्रमांकाच्या आधारे नोंद करता येते. मोबाइलवर ओटीपी येतो, कोणते अवयव आणि ऊती द्यायच्या त्यावर खूण करायची, प्रमाणपत्र उतरवून घ्यायचं. वय अठरा पूर्ण हवं, वरची मर्यादा नाही. अवयव घेण्याजोगे आहेत का हे त्या वेळी डॉक्टर पाहतील. मत बदललं तर नोंद मागे घेता येते. वाहन परवान्याच्या अर्जातही हा पर्याय आहे. पण रक्तदान शिबिरात टेबल मांडणाऱ्या मंडळांनी आपल्या कामाचं माप बदलायला हवं. किती फॉर्म भरले, हे पुढच्या वर्षीच्या फ्लेक्सवर छापायला बरं दिसतं. किती जणांनी बायकोला किंवा वडिलांना सोबत आणून साक्षीदाराची सही घेतली, हे मोजलं तर त्या फॉर्मचा खरोखर उपयोग होईल. ग्रामसभेत, बचत गटाच्या बैठकीत, पालक सभेत हा विषय एकदा निघाला की घराघरांत पोचतो. शासनाच्या आणि रुग्णालयांच्या वाट्याचं कामही सुटत नाही. कायद्याने न्यूरॉलॉजिस्ट नसेल तिथे शल्यचिकित्सक किंवा फिजिशियन आणि भूलतज्ज्ञ किंवा आयसीयूतज्ज्ञ चाचणीला चालतील अशी सोय केली आहे. प्रत्यारोपण न करणाऱ्या रुग्णालयांनाही अवयव काढण्यासाठी नोंदणी करता येते. जिल्ह्यातल्या मोठ्या आयसीयूंनी ती करावी, प्रशिक्षित समन्वयक नेमावा आणि प्रत्येक मेंदूमृत्यू लपवून न ठेवता जाहीर करावा. हे न करता लोकांना नुसतं ‘नोंदणी करा’ म्हणणं म्हणजे आपली जबाबदारी त्यांच्या गळ्यात घालणं. लोकांच्या हाती आहे तेवढं मात्र त्यांनी आजच करावं: संकेतस्थळावर नाव घालावं आणि रात्री जेवायला बसल्यावर ‘माझं असं काही झालं तर द्या’ हे एक वाक्य सगळ्यांच्या देखत बोलून टाकावं. घरातल्या म्हाताऱ्यांना ते अशुभ वाटेल, कुणी विषय बदलेल. तरी ते बोलावं, कारण वेळ आली तर निर्णयाचं ओझं त्यांच्यावरच पडणार आहे, आणि ते हलकं करणं अजून आपल्या हातात आहे.